पेंढा नसलेला वाघ

परवा गावच्या घरी जाऊन आलो. काका गेल्यानंतर पहिल्यांदाच. माजघराच्या दारावरचा वाघ अजून तिथेच आहे. खरं तर तो बिबट्या, पण आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. नुसतं डोकं आणि मान, लाकडी फळीवर बसवलेली. जबडा उघडा, डोळे काचेचे. एका कानाला कसर लागली आहे आणि नाकावरचा रंग उडाला आहे. लहानपणी रात्री पाणी प्यायला उठायचं तर त्याच्याखालून जावं लागे, म्हणून आम्ही भावंडं तहानेलीच झोपायचो :)

आता या वाघाचं काय करायचं हा घरात वादाचा विषय झाला आहे. फोनवर चार जणांची चार मतं ऐकली. म्हटलं, सगळं एकदाच लिहून काढावं. नातेवाईक मंडळी इथे डोकावतातच, आणि बाकीच्यांना एक गोष्ट वाचायला मिळेल.

आजोबांनी हा वाघ १९४१ साली मारला. फळीच्या मागे एक जुनं लेबल आहे, त्यावर म्हैसूरच्या 'व्हॅन इंगन अँड व्हॅन इंगन'चं नाव आणि एक नंबर. काका मोठ्या अभिमानाने ते लेबल पाहुण्यांना दाखवायचे. हे व्हॅन इंगन कोण, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वाघात पेंढा भरणारे." तिथून मला या माणसांचा नाद लागला.

आधी पेंढ्याचं सांगतो. मराठीत आपण 'पेंढा भरलेला वाघ' म्हणतो, पण चांगल्या कारागिराच्या वाघात पेंढा नसतोच. कातडं सोलायचं, मीठ लावून सावलीत वाळवायचं आणि रेल्वेने कारखान्यात पाठवायचं, इतकं काम शिकाऱ्याचं. पुढे कारखान्यात ते कमावून, आतून तासून पातळ आणि मऊ करत. मग कागदाच्या लगद्याचा प्राण्याच्या आकाराचा पोकळ पुतळा करून त्यावर ते ओलं कातडं अंगरख्यासारखं चढवत. म्हणजे आपण बघतो तो वाघ वरून वाघ आणि आतून कागद. मांस नाही.

आणि सोमल. आमची आजी ओरडायची, "वाघाला हात लावू नका रे, सोमल आहे त्यात!" आम्हाला वाटे, उगाच घाबरवते. पण ती अगदी खरं सांगत होती. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेट्झ गावच्या बेकूर नावाच्या माणसाने सोमल घातलेला साबण तयार केला. तो कातड्याला आतून चोळला की कसर आणि किडे लागत नाहीत. त्यापूर्वीचे बहुतेक पेंढा भरलेले प्राणी काही वर्षांत किड्यांनी खाऊन टाकले होते. या साबणामुळे प्राणी टिकायला लागले आणि युरोपातली वस्तुसंग्रहालयं भरायला लागली. पुढे दोनशे वर्षं हे विष जगभर वापरलं गेलं. जुन्या ट्रॉफीला हात लावला तर हात धुवावेत, हा सल्ला आजही लागू आहे. पोरांनो, ऐकताय ना?

म्हैसूरचा कारखाना युजीन व्हॅन इंगन यांनी १९०० च्या सुमारास काढला. बोअर युद्धाचे दिवस होते ते. त्यांनी मुलांची नावंही बोअर सेनापतींची ठेवली, बोथा, द वेट आणि जुबर्ट. पुढे या मुलांनी धंदा असा वाढवला की राजेमहाराजे, इंग्रज अधिकारी आणि परदेशी पाहुणे सगळ्यांची कातडी म्हैसूरला जाऊ लागली. त्यांची युक्ती साधी होती. प्रत्येक वाघासाठी नवा पुतळा घडवत बसायचं नाही. वेगवेगळ्या मापांचे साचे तयार ठेवायचे, त्यातून कागदी पुतळे काढायचे आणि आलेल्या कातड्याच्या मापाचा पुतळा निवडायचा. तयार कपड्यांच्या दुकानासारखंच. भरभराटीच्या काळात वर्षाला चारशेच्या वर मोठी मांजरं, म्हणजे वाघ-बिबटे, त्यांच्या हाताखालून जात. पॅट मॉरिस या अभ्यासकाने या कारखान्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे. कारखान्याच्या सगळ्या काळातल्या वाघ-बिबट्यांचा हिशेब ४३ हजारांच्या पुढे जातो.

त्रेचाळीस हजार. हा आकडा वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. आमच्या माजघरातला वाघ त्यातला एक.

साच्याची आणखी एक गंमत आहे. म्हणजे गंमत तरी कसं म्हणायचं. साचा ठरलेला म्हणजे चेहराही ठरलेला. व्हॅन इंगनचा वाघ बहुधा गुरगुरणारा, नाकावर सुरकुत्या, जबडा वासलेला. गिऱ्हाइकाला तोच हवा असे. झोपलेला, पाणी पिणारा किंवा पळून जाणारा वाघ दिवाणखान्यात कोण लावणार? वाघ चवताळलेला दिसला तरच मारणारा शूर दिसतो.

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये असे खूप प्राणी आहेत. शाळेची सहल गेली होती तेव्हा मी ते पाहिले आणि गुरुजींना विचारलं, "सर, सगळे वाघ रागावलेलेच का?" ते म्हणाले, "वाघ तसाच असतो." मलाही मग खूप वर्षं तसंच वाटत राहिलं.

या कारखान्याचा आपल्या मुंबईशी एक संबंध आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९४७ साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी (हे संस्थान आजच्या छत्तीसगडमध्ये) रात्री मोटारीतून जाताना दिव्याच्या उजेडात तीन चित्ते मारले. तिघेही नर, एकमेकांशेजारी बसलेले. भारतातल्या चित्त्यांची ही शेवटची खात्रीलायक नोंद मानतात. ती छापून आली १९४८ साली, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये, आणि पाठवली होती व्हॅन इंगन कंपनीने, शिकारीतली एक लक्षवेधी ट्रॉफी म्हणून. संपादकांनी ती छापली, पण खाली आपली टीप जोडली. तिचा आशय असा, की हा प्रकार वाचून आम्हाला इतकी किळस आली की कागद आधी केराच्या टोपलीतच टाकणार होतो. कौतुक म्हणून नव्हे, आरोपपत्र म्हणून छापतो आहोत. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. २०२२ साली कुनोमध्ये चित्ते आणले ते आफ्रिकेतून.

आता गंमत बघा. ज्या सोसायटीने हे आरोपपत्र छापलं, तिच्याकडेही मेलेल्या प्राणी-पक्ष्यांचे एक लाखाहून जास्त नमुने आहेत! सालिम अलींची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी म्हणून मामांनी त्यांना सोसायटीत पाठवलं. तिथे मिलर्ड साहेबांनी त्यांच्यापुढे खणांमागून खण उघडले, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे. एका मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाची सुरुवात झाली ती तिथे. पक्षी सोलून जतन कसा करायचा हेसुद्धा ते तिथेच शिकले.

मग त्या चिमणीत आणि आमच्या वाघात फरक काय? दोन्ही मारलेलेच. मला वाटतं, फरक चिठ्ठीचा आहे. खणातल्या पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी बांधलेली असते. कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, कोणी मिळवला. पक्षी उताणा झोपलेला असतो, कसला आव नाही. शंभर वर्षांनी कोणी तो उघडून बघितला तर त्याला काहीतरी खरं कळतं. आमच्या वाघाच्या चिठ्ठीवर फक्त दुकानाचं नाव आहे.

म्हणून या वेळी मी आजोबांच्या जुन्या रोजनिश्या काढल्या. १९४१ ची सापडली. आपल्या घरात सांगतात ती गोष्ट अशी: भला मोठा नर, गावात धुमाकूळ घालत होता, आजोबांवर झेपावला आणि त्यांनी उभ्या उभ्या गोळी घातली. रोजनिशीत चारच ओळी आहेत. माचाण बांधलं. रात्री दुसऱ्या प्रहरी आली, वासराजवळ बसली. एका गोळीत काम झालं. आणि शेवटची ओळ: मादी, पोटात दोन पिल्लं.

बास. पुढच्या पानावर जमाखर्च.

मला आजोबांना नावं ठेवायची नाहीत. तेव्हा बिबट्या मारणं हा गुन्हा नव्हता, आणि वासरू गेलं म्हणजे घरातलं दूध गेलं. पण चार ओळींत त्यांनी कसलाच आव आणलेला नाही. आव साच्याने आणला आणि नंतर आपण.

वासरावरून आजीने सांगितलेलं आठवलं. वाघाने वासरू मारल्यावर गाय पान्हा चोरायला लागली. मग आजीने त्याच वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवलं. गाय ते चाटायची आणि दूध द्यायची. म्हणजे त्या आठवड्यात आमच्या घरी दोन कातडी भरायला निघाली होती! एक आजीने गोठ्यात भरलं, दुसरं मिरजेहून रेल्वेने म्हैसूरला गेलं. आजीचं वासरू गाय आटेपर्यंत टिकलं, मग उकिरड्यावर गेलं. आजोबांचा वाघ ऐंशीहून जास्त वर्षं भिंतीवर आहे. आणि आम्हीही त्या गाईसारखेच, समोर जे ठेवलं ते खरं धरून बसलो.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा काळ संपला. व्हॅन इंगनकडचं नवं काम आटत गेलं, १९९९ च्या सुमारास कारखाना बंद झाला. भावांपैकी जुबर्ट शंभरी गाठून २०१३ साली वारले. या कलेचं पुढे काय झालं म्हणाल, तर मुंबईतले पशुवैद्यक प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांनी म्युझियममधले पक्षी पाहून ती चिकाटीने शिकून घेतली. २००९ मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात त्यांच्या हाताखाली टॅक्सिडर्मीचं केंद्र सुरू झालं, आपल्या मरणाने मेलेल्या प्राण्यांसाठी. कसब तेच, पण गोळी नाही.

आता घरातला मुद्दा. आजोबांनी कायद्याप्रमाणे वाघाची नोंद करून मालकीचा दाखला घेतला होता, नंतर तो काकांच्या नावावर झाला. कागद माझ्याजवळ आहेत. अशी वस्तू विकता येत नाही आणि कोणाला भेटही देता येत नाही, ती फक्त वारसाने मिळते. वारसाने मिळाल्यावर ९० दिवसांत वनखात्याकडे तसं कळवावं लागतं. त्यामुळे हॉटेल काढलेल्या आमच्या एका बंधुराजांनी तो रिसेप्शनवर लावायचा बेत रद्द करावा :) जाळून टाका म्हणणाऱ्या आत्याला सांगतो, तेही आपल्या हातात नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक वाट आहे. दाखला असलेला माणूस आपणहून वस्तू वनखात्याला सुपूर्द करू शकतो. मोबदला काही मिळत नाही.

माझं मत सुपूर्द करण्याच्या बाजूने आहे. पण त्याआधी एक काम करायचं आहे. रोजनिशीतल्या त्या चार ओळींची नक्कल, तारखेसह आणि गावाच्या नावासह, अर्जाला जोडायची. मादी आणि पोटात दोन पिल्लं, हेसुद्धा त्यात येऊ द्यायचं. ऐंशी वर्षं उशिरा का होईना, तिला तिची चिठ्ठी मिळेल.

चुलत भाऊ म्हणाला, "मग दारावर काय राहणार? भिंतीवर नुसता डाग." राहू दे डाग. आजोबा आपल्याला आठवायला वाघ कशाला हवा? त्यांची रोजनिशी आहे की.

असो. काकांना जाऊन चाळीस दिवस झाले. पन्नास उरलेत. ज्यांना काही म्हणायचं आहे त्यांनी लवकर कळवा. आणि तोवर पोरांना सांगा, हात लावू नका, सोमल आहे.