डॉलरमागे एक सेंट

नगरपालिकेचा कर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अजून जकातनाकाच उभा राहतो. रात्रीच्या वेळी खोळंबलेल्या मालमोटारी, कंदिलाच्या उजेडात पावती फाडणारा कारकून, आणि मनातल्या मनात चडफडणारा व्यापारी! महाराष्ट्रातील शेवटची जकात 1 जुलै 2017 रोजी मुंबईत संपली. परंतु ती होती तोवर "ही द्यावयाची की नाही?" असे आपणांस कोणी कधी विचारले होते काय? ज्या शहराची हकीकत आज सांगावयाची आहे, तेथे हा प्रश्न विचारावाच लागतो. आणि उत्तर नकारार्थी आले तर नगरसभेला मुकाट्याने घरी बसावे लागते.

हे शहर म्हणजे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे व्हॅलेहो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, खाडीच्या काठी वसलेले. 2010 च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती सुमारे 1 लाख 16 हजार. शहराचा सारा संसार समोरच्या मेअर बेटावरील आरमारी गोदीवर चालला होता. 1854 साली स्थापन झालेली ही गोदी पॅसिफिक किनाऱ्यावरील अमेरिकन आरमाराची पहिली गोदी. दुसऱ्या महायुद्धात तेथे 40 हजारांवर माणसे राबत होती. 1996 साली सरकारने ती बंद केली आणि शहराचा मिळवता हातच गेला.

तशात कायद्याची अडचण. 1978 च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रस्ताव 13' मंजूर करून घरपट्टीस लगाम घातला. कर मिळकतीच्या किमतीच्या एक टक्क्याहून अधिक नाही, आणि मिळकत विकली जाईपर्यंत करासाठी धरलेली किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवावयाची नाही. घरमालक सुखावले, नगरसभा मात्र विक्रीकराकडे आशेने पाहू लागल्या. परंतु तोही मतदारांना विचारूनच वाढवावयाचा.

येथे कायद्याने एक मोठी गंमत करून ठेवली आहे. "हा पैसा फक्त रस्त्यांसाठीच खर्चू" असे कायद्याने बांधून घेऊन कर मागितला, तर दोन-तृतीयांश मते लागतात. "पैसा द्या, कसा खर्चावयाचा ते आम्ही पाहू" असे म्हटले, तर साध्या बहुमताने भागते. म्हणजे जो हात बांधून घेतो त्याची परीक्षा कठीण, आणि जो मोकळा ठेवतो त्याची सोपी! करणाऱ्यांचा हेतू नव्या करांना आवर घालण्याचा होता. परिणाम असा झाला की नगरसभांना मोघम बोलणेच फायद्याचे ठरले.

2008 च्या मे महिन्यात व्हॅलेहोने दिवाळे जाहीर केले. दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेणारे त्या वेळेपर्यंतचे ते कॅलिफोर्नियातील सर्वांत मोठे शहर. सर्वसाधारण निधीतला सुमारे तीन-चतुर्थांश पैसा पोलीस व अग्निशामक दलांवरच खर्च होत होता. घरांच्या किमती कोसळताच जमेची बाजूही ढासळली. दोष पगाराच्या करारांचा की मंदीचा, हा वाद तेथे आजही संपलेला नाही. मला विचाराल तर मंदीने फक्त पडदा वर केला. करार आधीचेच होते. अग्निशामक ठाणी बंद झाली, पोलिसांची संख्या घटली, रस्त्यांना खड्डे पडले.

अशा शहराने 2011 च्या नोव्हेंबरात मतदारांपुढे झोळी पसरली. डॉलरमागे एक सेंट जादा विक्रीकर, मुदत दहा वर्षे. मतपत्रिकेवर त्याचे नाव 'मेझर बी'. कॅलिफोर्नियात घरी नेलेल्या बहुतेक खाद्यवस्तूंवर आणि डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांवर विक्रीकर नसतो, त्यामुळे गरिबाच्या शिध्यावर घाला येत नव्हता. तरीही कपडा, भांडे, हत्यार यांवर तो बसणारच. आणि ज्यांनी शहर बुडविले त्यांच्याच हाती पुन्हा पैसा द्यावयाचा कशाला, ही शंका तर घरोघर होती. निकाल लागला तेव्हा कर मंजूर झाला होता, परंतु अगदी काठावर. निम्मे शहर विरुद्ध होते.

हा अविश्वास नगरसभेने ओळखला, याचे श्रेय तिला दिले पाहिजे. 2012 च्या एप्रिलमध्ये तिने ठरविले की या कराच्या उत्पन्नातील 30 टक्के भाग, सुमारे 32 लाख डॉलर, कसा खर्चावयाचा ते रहिवाशांनीच ठरवावे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्री शहरात 1989 पासून चालत आलेली ही पद्धत. आपल्या पुण्याच्या महापालिकेनेही 2006 मध्ये नागरिकांकडून कामांच्या सूचना मागवून तिचा एक प्रयोग सुरू केला. अमेरिकेत मात्र संपूर्ण शहरासाठी ती राबविणारे व्हॅलेहो हे पहिलेच.

महिनोन् महिने सभा झाल्या. 2013 च्या मे महिन्यात मतदान झाले, आणि सोळा वर्षांवरील कोणाही रहिवाशास मत देता आले. नागरिकत्वाचा दाखला कोणी मागितला नाही. मते देणारे सुमारे 4 हजार, म्हणजे वस्तीच्या मानाने थोडेच. आणि लोकांनी निवडले काय? खड्डे बुजविणे, रस्त्यावरचे दिवे, बागा, मुलांसाठी शिष्यवृत्त्या. पंडितांना यात काही नवल वाटणार नाही. परंतु ज्या गल्लीत चार वर्षे दिवा नव्हता, तेथील माणसाला त्यात पुष्कळ काही होते.

2016 च्या नोव्हेंबरात नगरसभा पुन्हा मतदारांकडे गेली. या खेपेस तिने मागितले ते एवढेच, की एका सेंटावरची दहा वर्षांची मुदत काढून टाकावी. मतदारांनी ती काढून टाकली.