बट्टा कोणाच्या माथी?

सालवड हे बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीला खेटून असलेले गाव. तेथील माझा एक माजी विद्यार्थी एम. ए. (मराठी) होऊन आता घरी बसूनच एका परदेशी कंपनीसाठी भाषांतराचे काम करतो. मेहनताना डॉलरमध्ये येतो. मध्यंतरी त्याचा दूरध्वनी आला. "सर, बँकेने शुल्क म्हणून कापलेली रक्कम किरकोळ आहे. पण वर्तमानपत्रातला डॉलरचा भाव धरून हिशेब केला, तर हजार डॉलरमागे दोन हजार रुपये कमी भरतात. हे पैसे गेले कुठे?"

पैसे कोठेही गेले नव्हते. ते भावातच मुरले होते. बँकेने प्रत्येक डॉलर बाजारभावापेक्षा दोन रुपये कमी देऊन विकत घेतला होता. पावतीवर शुल्क दिसते, भावातली कपात दिसत नाही. मी त्याला एवढेच म्हटले की, ही गोष्ट नवी नाही आणि तिला आपल्या भाषेत शब्दही आहे : बट्टा.

मराठीचा अभ्यास करणाऱ्यांना हा शब्द भेटतो तो बहुधा 'नावाला बट्टा लागला' या वाक्प्रचारातून. त्याचे मूळ घर मात्र सराफकट्टा. झिजलेले, हिणकस किंवा परमुलखातले नाणे घेताना सराफ जी तूट कापून घेई, तिचे नाव बट्टा. मोड न केलेला अखंड रुपया तो 'बंदा रुपया'. नाणे पारखणे, हुंडी वटवणे, माणूस खणखणीत नाणे असणे; चारित्र्याविषयी बोलताना आपण सराफाच्या दुकानातून किती शब्द उसने आणले, याचा कोणीतरी स्वतंत्र विचार करायला हवा. मोल्सवर्थच्या कोशात 'बट्टा' आहे आणि 'हुंडणावळ'ही आहे. हुंडणावळ म्हणजे हुंडीने पैसा एका गावाहून दुसऱ्या गावी पोचविण्याची किंमत. विसाव्या शतकात हाच शब्द परदेशी चलनाच्या दरासाठी रूढ झाला.

अठराव्या शतकात तर हा बट्टा चुकवणे अवघडच होते. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, सुरती असे कितीतरी रुपये एकाच वेळी चालत आणि प्रत्येकाचा भाव निराळा. आमच्या तारापूरचेच पाहा. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने हा किल्ला घेतला. बाजी भिवराव तेथेच पडले. मे महिन्यात वसईही पडली. राज्य बदलले की खजिन्यात चालणारे नाणे बदलते आणि कालपर्यंत पूर्ण भावाने चालणाऱ्या नाण्याला आज बट्टा लागतो. इतिहासाची पुस्तके किल्ल्यांच्या तारखा देतात. सामान्य माणसाच्या कनवटीला काय झाले, हे सांगत नाहीत. १८३५ च्या कायद्याने कंपनीने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला, तेव्हा सराफांच्या या मिळकतीला मोठाच धक्का बसला असणार.

पण देशातला बट्टा आटला तरी समुद्रापारचा वाढला. १८७० च्या दशकापासून चांदी घसरत गेली. दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९२-९३ मध्ये सुमारे १५ पेनींवर, म्हणजे सव्वा शिलिंगावर आला. इंग्लंडात बायकामुलांना पैसे पाठवणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी ओरड केली. त्यांची अडचण आणि सालवडच्या मुलाची अडचण मुळात एकच : पगार एका चलनात, घर दुसऱ्या चलनात. मात्र त्यांना मिळालेला इलाज निराळा होता. २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी चांदीला बंद केल्या आणि त्याच वर्षी 'विनिमय नुकसानभरपाई भत्ता' सुरू केला. अधिकाऱ्याच्या अर्ध्या पगाराला, वर्षाला एक हजार पौंडांच्या मर्यादेत, रुपयाला १८ पेनी हा दर धरून फरक भरून द्यायचा. बाजारात रुपया त्याहून बराच खाली होता. हा फरक गेला हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेतसारा भरणाऱ्या रयतेच्या खिशातून. राष्ट्रीय सभेने या भत्त्याविरुद्ध आवाज उठवला, तो योग्यच होता. बट्टा नाहीसा होत नाही, तो फक्त माथा बदलतो, याचे याहून उघडे उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे रुपया १६ पेनींचा की १८ पेनींचा, हा वाद पेटला. १९२७ च्या कायद्याने १८ पेनी ठरले. हिल्टन यंग आयोगात सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी १६ पेनींच्या बाजूने भिन्नमतपत्रिका जोडली होती. डॉ. आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला निघाला आणि या आयोगापुढे त्यांची साक्षही झाली. चलनाचा दर म्हणजे कोणाच्या ताटातले कोणाच्या ताटात, हा प्रश्न त्या काळात सभांमधून चर्चिला जात होता. आज तो बँकेच्या पावतीतल्या बारीक अक्षरात दडला आहे.

मधल्या काळात एक असाही प्रदेश होता, जिथे परदेशी कमाई करूनही चलन बदलावे लागत नसे. कुवेत, बहरीन, कतार, दुबई, ओमान या आखाती मुलखांत आपलाच रुपया चाले. तेथे गेलेल्या दर्यावर्दीला किंवा व्यापाऱ्याला पैसा मिळे तो रुपयातच. मात्र सोन्याची चोरटी आयात याच रुपयांवर चाले आणि ते परत आले की रिझर्व्ह बँकेला त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागत. म्हणून १९५९ मध्ये सरकारने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, 'झेड' अक्षराच्या नोटा काढल्या. १९६१ मध्ये कुवेतने आणि १९६५ मध्ये बहरीनने आपापला दिनार काढला. ६ जून १९६६ रोजी अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला, आणि कतार व दुबई त्याच वर्षी रुपयापासून दूर झाले. ओमानात तो १९७० पर्यंत टिकला. कोकणातून आखाताकडे खरा लोंढा वाहू लागला तो १९७३ नंतरच्या तेलाच्या तेजीत. म्हणजे बट्ट्याशिवाय पैसा घरी आणण्याची सोय संपल्यावर! मग हवाला बोकाळला. त्याचे समर्थन मी करणार नाही, पण सरकारी दर आणि बाजाराचा दर यांतली दरीच त्याला पोसत होती, हे विसरू नये. मार्च १९९२ मध्ये सरकारने ही दरी अर्धवट मान्य केली : आलेल्या परकीय चलनाचा ४० टक्के भाग सरकारी दराने, ६० टक्के बाजारभावाने. त्या ४० टक्क्यांवर बसणारा तोटा बट्टाच होता, नाव तेवढे नव्हते. वर्षभरात, मार्च १९९३ मध्ये, दोन्ही दर एक झाले.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थांनी देशात पाठवलेल्या पैशांपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात आले; हा वाटा सर्व राज्यांत मोठा. सालवडच्या या विद्यार्थ्याचा मेहनताना त्यात धरलेला नसला, तरी त्याचा प्रश्न तोच. त्याला आम्ही दोघांनी बसून जे सुचवले ते साधेच होते. बँक निवडताना शुल्क विचारू नये. हजार डॉलरचे हातात नेमके किती रुपये पडतील, हे त्याच दिवशी दोनतीन ठिकाणी विचारावे. मधल्या बँका वाटेत काही कापतात, ते पाठवणाऱ्याने सोसावे असे करारातच लिहून घ्यावे. दर आठवड्याला थोडेथोडे मागवण्याऐवजी महिन्याचे एकदम घ्यावे, म्हणजे ठरीव शुल्क एकदाच बसते. आणि शाखेत जाऊन भाव वाढवून मागायला लाजू नये.

शेवटची गोष्ट त्याला अवघड वाटली. तरी तो गेला. अधिकाऱ्यांनी डॉलरमागे साठ पैसे वाढवून दिले. घरी येऊन त्याने मला निरोप पाठवला : "सर, एक चाळीस अजून बट्ट्यात आहेत."