दुधी, शेवया आणि सिसिलीचा उन्हाळा

जुलै महिन्यांत सिसिली बेटावरील पालेर्मो शहराच्या बल्लारो नांवाच्या जुन्या बाजारांत सकाळीं फेरफटका मारला, तर भाजीवाल्यांच्या फळ्यांवर दोन वस्तू शेजारीं शेजारीं मांडलेल्या दिसतात. एक म्हणजे हातभर, कधीं दोन हात लांबीचें फिकट हिरवें फळ; दुसरी म्हणजे त्याच वेलाच्या कोवळ्या शेंड्यांची व पानांची जुडी. फळाला तेथें 'कुकुत्सा' म्हणतात आणि पाल्याला 'तेनेरूमी', म्हणजे कोवळा भाग. हें फळ ओळखण्यास आपल्याकडील कोणाही गृहिणीला दुभाष्याची गरज पडणार नाहीं. तो आपला दुधी भोपळा आहे.

या दोहोंचा जो पदार्थ पालेर्मोंत होतो, तो उन्हाळ्यावांचून होत नाहीं. पाला निवडून, चिरून, मिठाच्या पाण्यांत शिजवितात. निराळ्या भांड्यांत ऑलिव्हच्या तेलावर लसूण व टोमॅटो परतून घेतात. घरांत असल्यास दुधीच्या फोडीही त्यांतच पडतात. मग पाल्याच्या पाण्यांत स्पॅगेटी नांवाच्या लांब शेवया बोटबोटभर मोडून शिजवितात, सर्व एकत्र करतात, आणि वर बॅसिलचीं हिरवीं पानें हातानें तोडून टाकतात. पदार्थ आमटीसारखा पातळ होतो. बाहेर अंगाची लाही होत असतांना हें लोक तो कोमट करून खातात आणि यानें जीव थंड होतो असें सांगतात. दुधी थंड, हें आपल्या आजीचें मत समुद्रापलीकडेही प्रचलित आहे, हें ऐकून मला मोठी मौज वाटली.

या एका थाळीचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे. इटालियन मनुष्याला विचारल्यास तो म्हणेल, हें आमचें वाडवडिलांचें अन्न. त्याचें म्हणणें खोटें नाहीं. पण थाळींतील कोणती वस्तु वडिलांची आणि कोणती पाहुण्याची, हें पाहूं लागल्यास उत्तर अनपेक्षित येतें.

प्रथम शेवया. मार्को पोलोनें त्या चीनमधून आणल्या, ही गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. ती आतां सोडून द्यावी हें बरें. मार्को पोलो व्हेनिसला परतला तो १२९५ सालीं. त्याच्या आधींच, १२७९ सालीं, जिनोव्हा येथें एका शिपायाच्या मालमत्तेच्या यादींत मॅकरोनीनें भरलेल्या एका पेटीची नोंद झालेली आहे. त्याहून महत्त्वाची साक्ष सिसिलींतीलच आहे. अल् इद्रिसी या अरब भूगोलज्ञानें राजा दुसरा रॉजर याच्यासाठीं लिहिलेला ग्रंथ ११५४ सालीं पुरा केला. त्यांत पालेर्मोच्या पूर्वेस असलेल्या त्राबिया या गांवाचें वर्णन आहे : तेथें वाहत्या पाण्यावर चक्क्या चालतात, 'इत्रिया' म्हणजे शेवया विपुल तयार होतात, आणि मुसलमान व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांकडे त्या जहाजांत भरून जातात. शेवया जहाजांत भरून जातात, याचा अर्थ त्या वाळविलेल्या होत्या. आपल्याकडे बन्सी म्हणतात त्या जातीचा कठीण गहू, समुद्रावरचा वारा आणि कडक ऊन, एवढें जुळलें कीं शेवई महिनोन् महिने टिकते. चैत्र-वैशाखांत गच्चीवर शेवया वाळत घालणाऱ्या घरांना हें निराळें समजावून सांगावयास नको.

आतां भोपळ्याकडे वळूं, कारण खरी गुंतागुंत तेथें आहे.

प्राचीन रोमन लोक भोपळा खात. प्लिनीनें त्याचें वर्णन केलें आहे, आणि एपिकियसच्या नांवावर चालत आलेल्या पाकग्रंथांत त्याच्या अनेक कृती आहेत. लॅटिनमध्यें त्याला 'कुकुर्बिता' म्हणत. परंतु तो भोपळा आजचा लाल भोपळा नव्हे, आणि आज इटालीच्या घराघरांतून दिसणारी काकडीसारखी झुकिनीही नव्हे. त्या दोन्हीही अमेरिकेच्या. त्यांच्या कुळाची लागवड मेक्सिकोंत सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं सुरू झाली, आणि १४९२ पूर्वीं युरोपांत त्यांचें एक बींही नव्हतें. रोमनांचा भोपळा म्हणजे मूळ आफ्रिकेंतून पसरलेला दुधीच.

हा भेद कसा ओळखावा? फुलावरून. दुधीचें फूल पांढरें असतें व संध्याकाळीं उमलतें. अमेरिकन भोपळ्याचें फूल पिवळें असतें व सकाळीं उमलतें. रोममधील फार्नेसीना या प्रासादांत राफाएलच्या हाताखालीं काम करणाऱ्या जोव्हानी दा उदिने या चित्रकारानें १५१५ ते १५१८ या काळांत फळाफुलांच्या माळा रंगविल्या आहेत. त्या माळांत जुना दुधी आहे आणि नवा अमेरिकन भोपळाही आहे. कोलंबस निघून पुरीं तीस वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच पाहुणा छतावर जाऊन बसला होता!

पुढील तीन शतकांत त्यानें यजमानाला बाहेर काढलें. याचें कारण कांहीं गूढ नाहीं. दुधीला मांडव लागतो आणि दीर्घ, कडक उन्हाळा लागतो. अमेरिकन भोपळ्याचा जो प्रकार एकोणिसाव्या शतकांत मिलानच्या आसपास माळ्यांनीं निवडून काढला, ती झुकिनी, तो झुडपासारखा जमिनीलगत राहतो आणि पेरल्यापासून दोन महिन्यांच्या आंत फळें देऊं लागतो. शेतकरी हिशेब जाणतो. पाहुण्यानें जागा घेतली ती घेतली, वर नांवही घेतलें. 'झुक्का' हें दुधीचें जुनें इटालियन नांव लाल भोपळ्याला चिकटलें, आणि त्याचेंच लाडकें रूप झुकिनीला.

हें वाचतांना मीं थबकलों, कारण हाच प्रकार आपल्या घरांत घडलेला आहे. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा कोणता? नदींत पोहणें शिकतांना मुलांच्या पाठीला बांधीत तो वाळका भोपळा कोणता? दुधीच्या जातीचा. भोपळा हा शब्द त्याचा. परंतु आज मुंबई-पुण्याच्या मंडईंत नुसता 'भोपळा' म्हटला कीं भाजीवाली सुरी घेऊन लाल भोपळ्याकडे वळते, आणि मूळ मालकाला आपली ओळख पटविण्यासाठीं 'दुधी' हें उपपद लावावें लागतें.

सिसिलींत मात्र दुधी टिकला. ऊन भरपूर, हें एक कारण. दुसरें मला पाल्यांत दिसतें. वेलाचा शेंडा खुडला कीं बाजूचे फांटे फुटतात, आणि दुधीचीं फळ धरणारीं फुलें बहुतेक या फांट्यांवरच येतात. म्हणजे चांगल्या पिकासाठीं शेंडे खुडावेच लागतात. गरीब घरानें ते उकिरड्यावर टाकले नाहींत, शेवयांबरोबर शिजविले. बंगालमध्यें दुधीच्या पाल्याची भाजी आवडीनें खातात. ज्या वेलापासून फळाआधीं जेवण मिळतें, तो वेल मांडवावरून सहसा उतरत नाहीं.

टोमॅटोची कथा थोडक्यांत आटोपतों. तोही अमेरिकेचा, त्याच्या चटणीची कृति इटालींत प्रथम छापली गेली ती नेपल्समध्यें, सतराव्या शतकाच्या अखेरीस, अंतोनियो लातिनी याच्या पुस्तकांत, आणि तिलाही त्यानें 'स्पॅनिश पद्धतीची' असेंच म्हटलें आहे. शेवयांवर तो सर्रास पडूं लागला तो एकोणिसाव्या शतकांत.

राहिलें बॅसिल. बोकाचोच्या 'देकामेरोन' या ग्रंथांत, म्हणजे १३५० च्या सुमारास, सिसिलींतल्याच मेस्सीना शहराच्या एका दुर्दैवी मुलीची कथा आहे. मारलेल्या प्रियकराचें मस्तक ती बॅसिलच्या कुंडींत पुरते आणि अश्रूंनीं तें झाड वाढविते. हें झाड तुळशीची बहीण. आपण उन्हाळ्यांत सरबतांत घालतों तो सब्जा याच झाडाचें बीं. आपण बीं घेतलें, त्यांनीं पान घेतलें.

१८८० नंतरच्या चाळीस वर्षांत सुमारें चाळीस लाख इटालियन लोक अमेरिकेस गेले. त्यांत सिसिलीचे लोक फार. लुइझियाना प्रांतांत त्यांच्या नातवंडांच्या परसांत आजही मांडवावर कुकुत्सा लोंबतो. झुकिनीचें मूळ ज्या खंडांत, तेथेंच जाऊन त्यांनीं दुधी लाविला.

ही थाळी आपल्या घरीं करावयाची असल्यास शेवया बाजारांत मिळतात, दुधी मिळतो, सब्जाचें रोप कुंडींत येतें. अडतें तें पाल्यापाशीं. मंडईंत तो बहुधा विकावयास येत नाहीं. ज्यांच्या गच्चींत वा परसांत वेल असेल, त्यांनीं सकाळीं लवकर शेंड्याकडचीं मऊ, लव असलेलीं पानें खुडावीं, जाड देंठ व गुंडाळलेले तंतू काढून टाकावे, आणि दुपारपर्यंत ओल्या फडक्यांत ठेवावीं.