काळा घोडा : सार्वजनिक शिल्प, लोकस्मृती आणि कलापरिसर

सार्वजनिक शिल्पाचा इतिहास बहुधा त्याच्या उभारणीपुरता लिहिला जातो. मुंबईतील काळा घोडा परिसराच्या बाबतीत मात्र शिल्प हलविल्यानंतरचा इतिहास अधिक महत्त्वाचा ठरतो.

ब्रिटनचा युवराज, म्हणजे पुढील काळातील सातवा एडवर्ड, १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात आला होता. त्या भेटीच्या स्मरणार्थ बगदादी ज्यू घराण्यातील व्यापारी अल्बर्ट ससून यांनी युवराजाचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा शहरास दिला. शिल्पकार जोसेफ एडगर बोएम यांची ही कृती १८७९ मध्ये उभी राहिली. देणगीमागील राजनिष्ठा उघड होती. परंतु सामान्य मुंबईकराने स्वाराची फारशी दखल न घेता घोड्याच्या काळ्या रंगावरून परिसराला नाव दिले. राजसत्तेच्या प्रतीकाचा अर्थ लोकांनी कोणत्याही चळवळीशिवाय, केवळ बोलण्यातून बदलला, ही गोष्ट लहान नव्हे.

१९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या उद्यानात हलविण्यात आला. नाव मात्र जागच्या जागी राहिले. डेव्हिड ससून ग्रंथालय (१८७०) व जहांगीर कलादालन (१९५२) येथे होतेच. १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची भर पडली. जहांगीरबाहेरील पदपथावर चित्रे मांडणाऱ्या कलावंतांनीही या परिसराचे स्वरूप घडविले, याची नोंद अभ्यासकांकडून क्वचितच होते. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि १९९९ पासून महोत्सव सुरू झाला. त्यातील रस्त्यावरच्या मांडणशिल्पांमुळे कलादालनाची पायरी न चढणारा प्रेक्षकही कलेसमोर आला. अर्थात ही शिल्पे काही दिवसांचीच पाहुणी असतात.

२०१७ मध्ये येथे पुन्हा घोडा उभारण्यात आला, तो स्वाराविना. वास्तुरचनाकार अल्फाज मिलर यांची संकल्पना व श्रीहरी भोसले यांचे शिल्पकाम असलेली ही कृती लोकांनी दिलेल्या नावाला अनुरूप आहे. मात्र स्वाराबरोबर देणगीदार ससून आणि वसाहतकालीन मुंबईतील व्यापारी-सत्ता संबंधही दृष्टीआड होतात. ज्याचा घोडा होता, तो कोण, हा प्रश्न नव्या शिल्पासमोर सहसा पडत नाही.

बोएम यांचा मूळ पुतळा भायखळ्यात आहे. त्या उद्यानास वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव देण्यात आले, तरी लोक त्यास आजही राणीची बाग असेच म्हणतात.