ऊटीचा पिवळा ब्रूम, आपली घाणेरी आणि ताग

ऊटीला फिरून आलेली पोरं तिथल्या डोंगरावरच्या पिवळ्याधमक फुलांचे फोटो दाखवत्यात आणि विचारत्यात, हे झुडूप आपल्या बांधावर लावलं तर? त्याआधी त्याचा इतिहास वाचा.

त्याचं नाव स्कॉच ब्रूम. मूळ युरोपातलं. तिकडं त्याच्या फांद्यांचे झाडू बांधत, म्हणून ब्रूम. थंडी, हलकी जमीन, सगळं सोसतं. १८१९ साली कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन निलगिरी चढून गेला. पुढं तिथं इंग्रजांची वस्ती झाली आणि त्यांनी मायदेशाची ही झुडपं बागेत लावली. पण झुडूप बागेत थांबलं नाही. उन्हात शेंग तडकते, बी लांब उडतं, मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं. मुळांवरच्या गाठींमुळं नत्राचीही सोय होते. गवताची मोठी कुरणं त्यानं गिळली. कॅनडात व्हँकुव्हर बेटावर १८५० साली कॅप्टन ग्रँटनं बी लावलं. तीनच रोपं तगली म्हणतात; आज तिथंही ते आवरत नाही.

आपली घाणेरी अशीच आली. १८०९ च्या सुमारास कंपनी सरकारच्या कलकत्त्याच्या बागेत, शोभेचं झाड म्हणून! आज चंदगडच्या गायरानात, काजूच्या कडेला तीच. जनावरानं खाल्ली तर कावीळ होते, कातडी सोलते.

गंमत बघा. त्याच बागेचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग त्याच काळात आपल्या तागाच्या दोराची ताकद तपासत होते. इंग्रजी आरमाराचे दोरखंड रशियातल्या मालावर चालत, त्याला पर्याय हवा होता. हा ताग म्हणजे पोत्याचा ज्यूट नव्हे. आपला शेंगवर्गातला, ब्रूमचा लांबचा भाऊबंद. तशीच पिवळी फुलं, तशाच मुळांवर गाठी.

फरक एवढाच, की ताग आपल्या हातात राहतो. एकरी २० ते २५ किलो बी पेरा, ४५ ते ५० दिवसांत फुलकळी दिसली की गाडा. उशीर केला तर काडी निबर होते, लवकर कुजत नाही. पाणी साचणाऱ्या भाताच्या रानात मात्र धैंचा बरा.

नर्सरीतनं नवीन फुलझाड आणताना रंग नंतर बघा. आधी विचारा: बी किती पडतं, जनावर खातं का, आणि उपटायचं म्हटलं तर उपटतं का? तुमच्या गावात घाणेरी कशी काढताय तेही खाली लिहा.