परत आलेल्यांचा मळा

कुवेतमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या शेजारी, ऑफिसात किंवा मुलांच्या स्कूलबसच्या थांब्यावर कोल्लम-पत्तनंतिट्टाकडचं एखादं मल्याळी कुटुंब असतंच. त्यांच्याकडे रबराचा विषय काढला की कोकणी माणसाकडे हापूसचा विषय काढल्यासारखं होतं. भाव, पाऊस, सरकार, सगळं निघतं! त्याच कोल्लम जिल्ह्यात पुनलूर इथे एक सरकारी रबर कंपनी आहे आणि तिचा इतिहास आपण आखातातल्या मंडळींनी जरूर जाणून घ्यावा असा आहे. नाव 'रिहॅबिलिटेशन प्लॅन्टेशन्स लिमिटेड', म्हणजे सरळ मराठीत पुनर्वसन मळे. परदेशातून परत पाठवलेल्या माणसांच्या हाताला काम मिळावं म्हणून ही कंपनी काढली गेली.

गोष्ट सुरू होते सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांच्या राजवटीत तमिळ मुलखातून हजारो मजूर तिथे गेले, आधी कॉफीच्या आणि मग चहा-रबराच्या मळ्यांवर. गंमत म्हणजे रबराचं झाडही तिथलं नव्हे. हेन्री विकहॅम याने १८७६ मध्ये ब्राझीलहून सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू बागेत आणल्या. त्यांतल्या जेमतेम अडीच-तीन हजार रुजल्या आणि बहुतेक रोपं सिलोनला रवाना झाली. सिलोनमार्गेच हे झाड पुढे केरळात आलं. १९०२ मध्ये पेरियार नदीकाठी थट्टेकाडला भारतातला पहिला व्यापारी मळा उभा राहिला.

झाड दोन्हीकडे रुजलं. माणसांचं मात्र तसं झालं नाही. स्वतंत्र सिलोनने १९४८ मध्ये नागरिकत्वाचा कायदा केला आणि मळ्यांवरचे बहुसंख्य तमिळ मजूर कुठल्याच देशाचे उरले नाहीत. शेवटी ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. एकूण ९ लाख ७५ हजार माणसं. त्यांतली ५ लाख २५ हजार भारताने घ्यायची, ३ लाख सिलोनने ठेवायची आणि उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघायचं! ती १९७४ मध्ये, इंदिरा गांधींच्या काळात, निम्मी निम्मी वाटली गेली. यातल्या कित्येकांनी भारत कधी पाहिलाही नव्हता. तलैमन्नारहून बोटीत बसायचं, रामेश्वरमला उतरायचं आणि त्याला 'मायदेशी परतणं' म्हणायचं.

या लोकांना कुठे आणि कसं वसवायचं? चहा खुडणाऱ्यांसाठी तमिळनाडू सरकारने निलगिरीत चहाचे मळे उभारले, तेच पुढे 'टॅन्टी' झाले. कर्नाटकात सुळ्य भागात वनविकास महामंडळाचे रबर मळे आले. केरळात वनखात्याने १९७२ पासून कुलतुपुळा आणि आयिरनल्लूर इथे रबर लावायला सुरुवात केली आणि १९७६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. भांडवल साठ टक्के केरळ सरकारचं, चाळीस टक्के केंद्राचं. क्षेत्र दोन हजार हेक्टरांच्या थोडं वर, आणि वसवलेली कुटुंबं सातशेच्या आसपास.

रबरच का? कारण रबराला माणसांचे हात लागतात, तेही वर्षातले बरेच महिने. रोप लावल्यावर साधारण सात वर्षं थांबायचं. मग भल्या पहाटे खोडावर तिरकी, नखाएवढी पातळ साल काढायची. खोल गेलं तर झाड जखमी होतं आणि वरवर राहिलं तर चीक येत नाही. ऊन चढलं की चीक आटतो, म्हणून पहाटेची घाई. वाटीत जमलेला पांढरा चीक अमोनिया घालून टिकवतात आणि कारखान्यात यंत्रात गरगर फिरवून साठ टक्क्यांपर्यंत घट्ट करतात. हातमोजे, फुगे यातून होतात. वाटीत आणि सालीवर सुकून राहिलेलं रबर धुऊन, चुरा करून त्याच्या विटा पाडतात, त्या टायरसाठी जातात. कंपनीने ही दोन्ही कामं स्वतःच्या कारखान्यांत केली. आपल्या कुवेतच्या तेलापासून कृत्रिम रबर होऊ शकतं, पण विमानाच्या टायरला आजही मुख्यतः झाडाचंच रबर लागतं!

आता हिशेब मांडू. करार सव्वापाच लाख माणसांचा आणि या मळ्यात सातशे कुटुंबं. म्हणजे समुद्रात चिमूटभर मीठ. शिवाय रबराचा भाव सरकारच्या हातात नाही. २०११ मध्ये किलोला २४० रुपयांच्या आसपास गेलेला भाव २०१६ च्या सुरुवातीला शंभराच्या खाली आला. आणि मळ्याच्या नोकरीत राहतं घर कंपनीचं असतं. निवृत्तीनंतर कुठे जायचं, मुलांना चीक काढायचा नसेल तर काय, हे प्रश्न उरतातच.

आपल्याला हे ओळखीचं वाटेल. २ ऑगस्ट १९९० नंतर कुवेतमधून एक लाखाहून जास्त भारतीय अम्मानमार्गे मायदेशी गेले. एअर इंडियाची ४८८ उड्डाणं झाली आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून नुकसानभरपाईही मिळाली, पण त्याला वर्षं लागली. सहार विमानतळावर उतरलेल्यांना दुसऱ्या दिवशीचं काम कुणी दिलं नाही. आपण स्वखुशीने आलेलो, पासपोर्ट खिशात असलेले, तेव्हा दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत हे खरं. पण केरळने १९९६ मध्ये परदेशस्थ केरळी लोकांसाठी वेगळं खातंच काढलं. परतणाऱ्यांचा विचार आधी करावा लागतो, हे त्या राज्याला बहुधा मळ्यांपासूनच ठाऊक असावं.

कुलतुपुळाच्या मळ्याचं एक चांगलं आणि एक वाईट. चांगलं हे की, माणसांना हाताला येत असलेलं काम दिलं. वाईट हे की, घर आणि नोकरी एकाच दोरीला बांधली. अकामा संपला की फ्लॅट सोडावा लागणाऱ्या आपल्याला ही दोरी चांगलीच माहीत आहे. तेव्हा मंडळी, गावाकडे बंगला बांधताना तिथे गेल्यावर हाताला काय काम असेल, याचाही विचार इथे असतानाच करू या.