सुरी आणि रेडियमची सुई

इ.स. १८९४ मध्यें अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनीं स्तनाच्या कर्करोगावरील आपल्या ५० शस्त्रक्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. उपाय कठोर होता. स्तन, त्याखालचे स्नायु आणि काखेंतील ग्रंथि, हें सर्व एकसंध कापून काढावयाचें. रोग जवळच्या ग्रंथींतून क्रमाक्रमानें पसरतो, तेव्हां तो मुळासकट उपटावा, हा त्यामागचा तर्क. त्या काळीं स्त्रिया फार उशिरां वैद्याकडे येत आणि कापलेल्या जागीं रोग पुन्हां उद्भवणें नेहमींचेंच असे. हॉल्स्टेड यांच्या हातीं तें पुष्कळच कमी झालें; तेव्हां त्यांच्या पद्धतीचा दबदबा वाढला यांत नवल नाहीं. नवल याचें, कीं पुढें गांठ सुपारीएवढी असली तरी तोच छेद चालू राहिला, आणि खोल गेलेली छाती व सुजलेला हात घेऊन असंख्य स्त्रियांनीं उरलेलें आयुष्य काढलें.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत जेफ्री केन्स यांनीं १९२० नंतरच्या दशकांत वेगळी वाट धरली. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे हे धाकटे बंधु. रेडियम भरलेल्या बारीक सुया ते स्तनांत व काखेंत टोंचून ठेवीत. प्रथम शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या रोग्यांत, आणि गुण दिसल्यावर इतरांतही. गांठ तेवढी काढावी, मागें राहिलेले सूक्ष्म अंश किरणांनीं नष्ट करावे, अशी ही युक्ति. १९३७ मध्यें त्यांनीं आपले अनुभव मांडले. परंतु बहुतेक व्यवसायबंधूंनीं ते मानले नाहींत, आणि १९३९ च्या महायुद्धानें काम खुंटलें. कोणाला कोणता उपचार द्यावा हें वैद्यच ठरवी, ही त्यांच्या पुराव्यांतील उणीव खरी. तीच उणीव हॉल्स्टेड यांच्या पुराव्यांतही होती. पण रूढीला पुरावा कोण मागतो?

ती उणीव पुढें जणूं चिठ्ठ्या टाकून भरून काढली गेली. मिलान येथें उम्बेर्तो वेरोनेसी यांनीं १९७३ ते १९८० या काळांत ७०१ स्त्रियांची वांटणी निव्वळ दैवावर सोंपविली. गांठ २ सेंटिमीटरपर्यंतचीच. कांहींना जुनी शस्त्रक्रिया, कांहींच्या स्तनाचा चतुर्थांश काढून किरणोपचार. अमेरिकेंत बर्नार्ड फिशर यांनींही १९७६ मध्यें असाच प्रयोग आरंभिला. दोहोंचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्यें प्रसिद्ध झाले. स्तन राखल्यानें आयुष्य घटलें नव्हतें. फिशर यांच्या प्रयोगांत किरणांचें कामही उघड झालें : नुसती गांठ काढलेल्या स्त्रियांपैकीं ३९.२ टक्क्यांना त्याच स्तनांत रोग परतला, किरणोपचार मिळालेल्यांत १४.३ टक्क्यांना.

मिलानचे पहिले निष्कर्ष १९८१ च्या जुलैंत छापले गेले, तेव्हां केन्स ९४ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षीं ते निवर्तले.